सोसायचे किती आणि सांगायचे कधी?



मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जत स्टेशनात थांबली की डब्यातले लोक वडापाव घ्यायला फलाटावर उतरतात. त्याच वेळी गाडीच्या शेवटच्या डब्याकडे एक वेगळे काम चालू असते. तिथे गाडीला मागून जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेतली माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात आणि गाडी बोरघाट चढून लोणावळ्याला पोहोचते. तिथे ही इंजिने सुटतात.

कर्जत ते लोणावळा अंतर सुमारे २८ किलोमीटर. त्यातला घाटाचा चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. रुळावरून धावणाऱ्या गाडीसाठी हा चढ फार मोठा. सपाटीवर ज्या इंजिनाने तीच गाडी आरामात आणली, त्याला इथे मदत लागते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारत गाडीला मागून इंजिन लावावे लागत नाही, पण त्याचेही कारण हेच आहे की तिची ताकद एका इंजिनात नसून अनेक डब्यांखाली वाटलेली असते.

आपण कर्जत-खोपोलीकडची माणसे हे लहानपणापासून पाहत आलो आहोत. मदत घेतली म्हणून पुढचे इंजिन कमजोर आहे, असे आपल्यापैकी कोणी कधी म्हटले आहे का? चढ आहे, वजन आहे, म्हणून जादा ताकद लागते, इतका साधा हिशेब. पण हाच हिशेब आपण माणसाला लावत नाही. घरातला एखादा म्हणाला, 'आता कामाचे झेपत नाही', तर आपण लगेच म्हणतो, 'सगळेच करतात', 'थोडे सोसायला शिक', 'प्रार्थना कमी पडते आहे'. चढ किती आणि वजन किती, हे विचारायचे राहून जाते.

या लेखात आम्हांला हाच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. कामाचा ताण मुकाट्याने सोसणे हा नेहमीच सद्गुण असतो का? आणि 'मला हे जास्त होते आहे' असे म्हणणे म्हणजे विश्वास कमी पडणे का?

पळसदरीचे बाकडे

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून घेतलेला नाही. आम्ही दोघे पतिपत्नी आहोत. आमच्यापैकी एकजण खोपोलीकडच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. दुसरी रोज लोकलने कल्याणला जाते, एका दुकानाचे हिशेब पाहते. मुले, म्हातारी आई, घराचे हप्ते, असे चारचौघांसारखे आमचे घर आहे.

काही वर्षांपूर्वी कारखान्यातली माणसे कमी झाली आणि काम तेवढेच राहिले. तिघांचे काम दोघांवर आले. महिन्याचे टार्गेट मात्र वाढले. घरी आल्यावर जेवण थंड आहे, मुलाने पुस्तक पसरले आहे, टीव्हीचा आवाज मोठा आहे, अशा कशावरूनही आवाज चढू लागला. एके दिवशी आमच्या मुलाने शाळेत काढलेले चित्र दाखवायला आणले, तर त्याच्या हातातून ते हिसकावून बाजूला फेकले गेले. मुलगा रडला नाही. त्याने चित्र उचलले, दप्तरात ठेवले आणि त्यानंतर बरेच दिवस बाबा घरी आले की तो आतल्या खोलीत जाऊन बसू लागला.

मग घरी यायलाच उशीर होऊ लागला. विचारले तर 'गाडी चुकली' एवढेच उत्तर. खोपोलीच्या गाड्या आधीच कमी, त्यामुळे ते खरेही वाटायचे. पुढे कारखान्यातल्या वैद्यकीय तपासणीत रक्तदाब १७० वर ११० निघाला, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. गाडी चुकत नव्हती. आमच्यापैकी एकजण पळसदरीला उतरून फलाटावरच्या बाकड्यावर बसून राहायचा आणि पुढची गाडी आली की कर्जतला यायचा. 'हे तोंड घेऊन घरात जायचे नव्हते,' असे त्याने त्या रात्री सांगितले.

दुसरीला आधी राग आला, मग रडू आले. कारण ती रोज तीच गाडी धरायला कल्याणहून धावत होती, घरी येऊन भाकऱ्या टाकत होती आणि 'आपल्याला मदत करायला नको म्हणून हा उशिरा येतो' असे मनात धरून बसली होती. दोघेही सोसत होतो. दोघांनाही वाटत होते की आपण मोठा त्याग करतो आहोत. आणि त्या त्यागाखाली आमचे घर मोडत चालले होते.

शरीर काय सांगते?

डॉक्टरांनी आम्हांला ताण म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगितले. समोर साप दिसला तर शरीर एका क्षणात तयार होते. छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, स्नायू ताठ होतात, रक्तात ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये वाढतात. साप निघून गेला की सगळे पूर्ववत होते. ही देवाने दिलेली देणगीच आहे. परीक्षेच्या दिवशी, अपघाताच्या वेळी, एखादे काम संध्याकाळपर्यंत संपवायचे असताना हाच ताण आपल्या उपयोगी पडतो.

बिघडते तेव्हा, जेव्हा साप निघून जातच नाही. साहेबांचा फोन रात्री दहाला येतो, सकाळी सहाला पुन्हा येतो, आणि शरीर रात्रंदिवस तयारीतच राहते. मग झोप मोडते, पित्त वाढते, डोके दुखते, रक्तदाब चढतो. माणूस चिडचिडा होतो किंवा अगदी गप्प होतो. काहींच्या हातात बाटली येते. कामावर चुका होतात आणि यंत्रावर काम करणाऱ्याची चूक म्हणजे बोट किंवा हात जाण्याचा धोका.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामामुळे येणाऱ्या या थकव्याची नोंद आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घेतली. तो स्वतंत्र आजार नसून, कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्यामुळे उद्भवणारी अवस्था आहे, असे तिने स्पष्ट केले. त्याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने दगावली, असा तो अंदाज होता. तेव्हा हे केवळ मनाचे खेळ आहेत असे समजून चालणार नाही.

विटा तेवढ्याच, गवत मात्र नाही

आता ताण येतो कुठून ते पाहू. निर्गम ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात इस्राएली लोक मिसर देशात विटा पाडत आहेत. मातीत मिसळायचा पेंढा त्यांना सरकारातून मिळत असे. त्यांनी देवाची उपासना करायला सुट्टी मागितली, तेव्हा फारो राजाने पेंढा देणे बंद केले. पेंढा तुम्ही गोळा करा, पण रोजच्या विटांची संख्या कमी होता कामा नये, असा हुकूम निघाला. संख्या भरली नाही की मुकादमांना मार बसू लागला. आणि राजाचे म्हणणे काय, तर हे लोक आळशी आहेत, म्हणून त्यांना उपासना सुचते.

हा अध्याय वाचताना आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्या कर्जत-खालापूर भागातली किती तरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात घरात काही नसते, तेव्हा उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. मजुरी हजार विटांमागे, म्हणून नवरा-बायको पहाटे अंधारात गाऱ्याला हात लावतात आणि मुले भट्टीवरच वाढतात. त्यांच्या ताणाला आपण ताण म्हणत नाही, इतकेच. तो शब्द आपण एसीत बसणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवला आहे.

कारखान्यात किंवा ऑफिसात माणसे कमी करायची, साधने कमी करायची, टार्गेट मात्र तेच ठेवायचे आणि पूर्ण झाले नाही तर 'तुम्हांला वेळेचे नियोजन जमत नाही' असे सुनवायचे, ही फारोचीच रीत आहे. अशा ताणावर दीर्घ श्वास, सकाळचे फिरणे, जपमाळ या सगळ्यांचा आधार जरूर मिळतो. आम्हांलाही मिळाला. पण त्यामुळे पेंढा मिळत नाही. निर्गम ग्रंथातल्या देवाने त्या लोकांना शांत राहून विटा पाडायला शिकवले नाही. त्याने त्यांचा आक्रोश ऐकला आणि मोशेला राजाकडे पाठवले.

रविवार आपल्याला कोणी दिला?

आपल्याच महाराष्ट्रात असे एक राजाकडे जाणे घडले आहे आणि आज आपण चर्चमध्ये जमलो आहोत त्या दिवसाशी त्याचा संबंध आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारच्या आयोगापुढे ठेवण्यासाठी एक निवेदन तयार केले. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या फार नव्हत्या. आठवड्यातून रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्याला आधार. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा मुंबईत भरली. तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

म्हणजे आपल्याकडच्या कामगाराला रविवार मिळायला सहा वर्षे लागली आणि तो मागणारे बहुतेक सगळे ख्रिस्ती नव्हते. अर्धा तास विसावा मागताना त्या माणसांना 'आळशी' हा शब्द ऐकावा लागला नसेल असे वाटत नाही. त्यांनी मागितले म्हणून आज आपण मिस्साला येऊ शकतो.

त्यानंतर वर्षभराने, मे १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्र लिहिले. कामगाराला गुलामासारखे वागवणे आणि त्याच्याकडून त्याच्या ताकदीबाहेर काम घेणे हा अन्याय आहे आणि रविवारची विश्रांती हा त्याचा हक्क आहे, ही शिकवण त्यात आहे. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, तेव्हा याच परिपत्राची आठवण त्यांनी करून दिली.

हा इतिहास संपलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असेही त्यात सांगितले आहे. पण ज्याच्या डोक्यावर हप्ते आहेत, जो कंत्राटावर आहे, तो कागदावर 'नाही' कसे लिहील, हा प्रश्न आपल्या घराघरांतला आहे.

प्रत्येक भार क्रूस असतो का?

इथे काही बंधुभगिनी म्हणतील, 'पण आपल्या प्रभूने तर क्रूस उचलला. आपणही आपला क्रूस उचलायचा, असेच तो म्हणाला. मग कुरकुर कशी करायची?'

हा प्रश्न आम्हांलाही पडला होता आणि त्याचे उत्तर आम्हांला प्रायश्चित्तकाळात, क्रुसाच्या वाटेवर मिळाले. पाचव्या स्थानी आपण काय पाहतो? प्रभूचा क्रूस कुरेनेकर शिमोन उचलतो. ज्या क्रुसाने जगाचे तारण झाले तोसुद्धा सगळी वाट एकट्याच्या खांद्यावर नव्हता. प्रभूने शिमोनाला 'दूर हो, माझे मी पाहतो' असे म्हटल्याचे शुभवर्तमानात कुठेही नाही. क्रुसाच्या वाटेत आपण तीन वेळा त्याला पडलेलेही पाहतो आणि प्रत्येक वेळी गुडघे टेकून प्रार्थना करतो. त्याचे पडणे आपल्याला लाजिरवाणे वाटत नाही. मग आपल्या घरातल्या माणसाचे पडणे का वाटावे?

दुसरी गोष्ट अशी की जो जो भार खांद्यावर येतो तो क्रूसच असतो असे नाही. आजारी आईसाठी रात्र जागणे, मुलांच्या शिक्षणासाठी दोन पाळ्या करणे, एखाद्या सहकाऱ्याच्या घरी दुःख झाले म्हणून त्याचे काम अंगावर घेणे, हा प्रेमाने उचललेला भार आहे. तो जड असतो, पण माणसाला मोठे करतो. दुसऱ्याच्या हव्यासामुळे लादलेला भार वेगळा. आणि तिसराही एक प्रकार आहे, त्याबद्दल आपण कमी बोलतो. तो असतो आपल्या अहंकाराचा. 'माझ्याशिवाय हे होणारच नाही', 'दुसऱ्याला दिले तर तो माझी जागा घेईल', 'शेजाऱ्याने गाडी घेतली, मग आपणही' असे म्हणत आपणच आपल्या पाठीवर वजन चढवत जातो.

मोशेसारख्या माणसाचेही तसे झाले होते. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसे. त्याचे सासरे इथ्रो भेटायला आले, त्यांनी एक दिवस हे पाहिले आणि जावयाला सरळ सांगितले की हे बरे नव्हे, अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. विश्वासू माणसे निवड, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नेम, आणि मोठे प्रश्न तेवढे तुझ्याकडे ठेव. मोशेने सासऱ्यांचे ऐकले. देवाशी बोलणाऱ्या माणसाला घरच्या वडीलधाऱ्याचा सल्ला घेताना कमीपणा वाटला नाही.

मग आपला भार कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायचे कसे? आम्ही दोघे एक साधी कसोटी वापरतो. हा भार उचलल्यापासून आपण घरातल्या सर्वांत लहान माणसाशी कसे बोलतो, ते पाहायचे. प्रेमाने उचललेल्या भाराखाली माणूस दमतो, पण लेकराच्या हातातले चित्र हिसकावून घेत नाही. ज्या भारामुळे आपले प्रेम आटते, तो प्रभूने दिला आहे असे म्हणण्याआधी दहादा विचार करावा.

उतरतानाही थांबावे लागते

आता थोडे व्यवहाराचे. आम्ही तज्ज्ञ नाही. आम्हांला जे उपयोगी पडले आणि डॉक्टरांनी जे सांगितले, तेवढेच लिहितो.

पहिली गोष्ट, झोप आणि जेवण. एलिया संदेष्टा जिवाला कंटाळून रानात एका झुडुपाखाली पडला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकरी आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. देवाचा शब्द त्यानंतर आला. थकलेल्या माणसाला आधी जेवू घालावे, झोपू द्यावे, शिकवण नंतर.

दुसरी गोष्ट, उतारावर थांबणे. घाट उतरणारी गाडीसुद्धा सरळ सुसाट खाली येत नाही. तिचा वेग बांधून दिलेला असतो, वाटेत थांबवून ब्रेक तपासतात. कामावरून घरी येणे हाही एक उतार आहे. पळसदरीच्या बाकड्यावर बसणे मुळात चुकीचे नव्हते. चुकीचे होते ते लपवणे. आता घरी आल्यावर हातपाय धुऊन पंधरा मिनिटे ओट्यावर बसायचे, त्या वेळात कोणी काही विचारायचे नाही, असे आमच्यात ठरले आहे. मग ती वेळ तिचीही असते. एकाच्या पंधरा मिनिटांत भाकरीचे पीठ दुसरा मळतो. ही वाटणी झाली नाही तर नवऱ्याचा ताण उतरतो आणि तो बायकोच्या डोक्यावर जाऊन बसतो.

तिसरी गोष्ट, कागदावर लिहिणे. 'खूप काम आहे' असे साहेबांना सांगून उपयोग होत नाही. आम्ही आठवडाभराच्या कामांची यादी केली, कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते लिहिले आणि 'यातले आधी काय करू, मागे काय ठेवू?' असे विचारले. एकट्याने न जाता तिघांनी मिळून गेलो. सगळे मिळाले नाही. एक बदली माणूस मिळाला आणि रात्रीचे फोन बंद झाले. लोखंडे यांच्या निवेदनावरही एकच सही नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चौथी गोष्ट, वेळेवर बोलणे. दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, दारू वाढली असेल, तर फादरांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते. पापनिवेदनाला जाणारा माणूस जसा कमी ठरत नाही, तसाच मानसोपचार घेणाराही ठरत नाही.

आपण कोणाचा चढ वाढवतो?

शेवटी एक प्रश्न, जो विचारायला आम्हांला थोडा संकोच वाटतो. आपण ताणाबद्दल बोलतो तेव्हा नेहमी खालून वर पाहतो. साहेब, मालक, कंपनी. पण आपल्या हाताखालीही कोणी असते.

आपल्या दोन तालुक्यांत गेल्या काही वर्षांत रिसॉर्ट आणि फार्महाऊस फार झाले. मुंबई-पुण्याचे लोक शनिवार-रविवार विसाव्याला इथे येतात, म्हणून आपल्या मुलांना नेमके त्याच दिवशी जास्त काम असते. आजही आपल्या चर्चच्या बाकांवर काही जागा रिकाम्या आहेत, कारण ती मुले या वेळी कुठे तरी नाश्त्याच्या टेबलावर वाढत उभी आहेत. खालापूरच्या टोलनाक्यावर, दवाखान्यात, रेल्वेत कोणी तरी पाळीवर आहे. एकाचा विसावा दुसऱ्याच्या श्रमावर उभा असतो, हे टाळता येत नाही. पण त्या दुसऱ्यालाही आठवड्यातला एक दिवस त्याचा स्वतःचा मिळावा, हे आपण पाहू शकतो. अनुवाद ग्रंथात विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा देताना देव मुद्दाम दास आणि दासी यांची नावे घेतो. तेही तुझ्यासारखेच विसावले पाहिजेत, कारण तूही एकदा मिसरात गुलाम होतास, याची तो आठवण देतो.

आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला महिन्यात किती सुट्ट्या आहेत? घर बांधताना गवंड्याला 'आठ दिवसांत करून दे' असे आपण कशाच्या आधारावर सांगतो? दुकानात काम करणाऱ्या पोराला आपण रात्री नऊनंतर फोन करतो का? त्यांच्यापैकी कोणाच्या तरी घरातही एखादे मूल चित्र घेऊन वाट पाहत असेल.

आमच्या मुलाने ते चित्र फाडले नव्हते. पुढे कधी तरी दप्तर आवरताना ते सापडले. घाटातली आगगाडी होती. पुढे एक इंजिन आणि मागे दोन. आम्ही त्याला विचारले, 'मागे दोन का काढलीस?' तो म्हणाला, 'एकट्याने नाही चढत ना.'

आज मिस्सा झाल्यावर लगेच घराकडे निघू नका. शेजारच्या बाकावरच्या माणसाला एवढेच विचारा की या आठवड्यात कोणती पाळी आहे आणि झोप होते आहे का. आणि कोणी आपल्याला असे विचारले तर 'सगळे ठीक आहे' म्हणण्याआधी जरा थांबा.

प्रभू येशू आपल्या श्रमांना आणि आपल्या विसाव्यालाही आशीर्वाद देवो.